डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी: कॅज्युअल्टीत काय देतात, काय देत नाहीत आणि का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कॅज्युअल्टीच्या टेबलासमोर दोन वाक्यं रोज कानावर पडतात. एक: "डॉक्टर, आधी एक इंजेक्शन द्या हो, पोराचं डोकं फुटतंय." दुसरं, बहुतेक वेळा त्याच पेशंटच्या दुसऱ्या नातेवाइकाकडून: "गोळीबिळी काही देऊ नका, दुखणं आत दाबलं जाईल." दोघांचाही जीव पेशंटसाठी तुटत असतो, आणि दोघांचंही म्हणणं अर्धंच बरोबर असतं. मार लागल्यावर डोकं का दुखतंय हे आधी बघावंच लागतं. पण ते बघेपर्यंत माणसाला कण्हत ठेवायची काही गरज नसते. तातडीच्या विभागात काम करताना या एका विषयावर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. डोसचे आकडे समजावेत म्हणून दिले आहेत. तुमच्या पेशंटला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

डोक्याला मार लागलाय आणि डोकं दुखतंय. लगेच दवाखान्यात जायलाच हवं का?

कपाटाच्या दारावर डोकं आपटलं, टेंगूळ आलं, माणूस नीट बोलतोय, चालतोय, जेवला आणि मार लागला तिथेच दुखतंय, तर घरी लक्ष ठेवून चालतं. पण पुढच्यापैकी एक जरी गोष्ट असेल तर थांबू नका: काही क्षण का होईना शुद्ध हरपली होती, अपघात आठवतच नाही, एकापेक्षा जास्त वेळा उलटी झाली, फिट आली, माणूस बरळतोय किंवा गुंगीत आहे, हातापायात जोर नाही, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसतेय, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं काही गळतंय, मान दुखतेय. दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं झालं असेल, तर कवटीच्या तळाला भेग असण्याची शक्यता असते. पेशंट पासष्टीच्या पुढचा असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर बाकी काही नसलं तरी दाखवून घ्या.

आणि डोकेदुखीची चाल बघा. दुखणं तासातासाला उतरतंय की चढतंय? चढत जाणारी डोकेदुखी ही स्वतःच एक खूण आहे. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून मोफत चालू आहे. पेशंटला रिक्षात कोंबून नेण्यापेक्षा तिची वाट बघणं मानेच्या दृष्टीनेही बरं.

मेंदूला वेदना कळत नाही म्हणतात. मग दुखतं काय?

खरं आहे, मेंदूच्या पेशीजालात वेदना जाणवणाऱ्या नसा नाहीत. दुखतं ते त्याच्या भोवतीचं सगळं: टाळूची कातडी, कवटीवरचं आवरण, मेंदूभोवतीचे पडदे, तिथल्या रक्तवाहिन्या. आणि मान. मानेचा वाटा लोक विसरतात. दुचाकीवरून पडताना डोकं झटक्यात मागे जातं, मानेचे स्नायू ताणले जातात आणि ते दुखणं मागून वर चढत कपाळापर्यंत येतं. म्हणून डोकं दुखतं म्हणून आलेल्या माणसाची मान आम्ही आधी हाताने धरतो, मग बाकीचं.

कॅज्युअल्टीत गेल्यावर साधी गोळी द्यायला इतका वेळ का लावतात?

कारण औषध देण्याआधीची अवस्था टिपून ठेवायची असते. डोळे कधी उघडतो, बोलतो कसा, सांगितल्यावर हात-पाय हलवतो का, याला गुण देतात. ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन न्यूरोसर्जननी १९७४ साली ही पद्धत मांडली, म्हणून ती ग्लासगो कोमा स्केल. सगळ्यात वर १५, सगळ्यात खाली ३. तेरा ते पंधरा म्हणजे सौम्य मार, आठ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. सोबत बाहुल्या, नाडी, रक्तदाब, मान आणि बोटाला टोचून साखर. साखर कमी झालेला माणूसही गुंगीत असतो, आणि तो साखर कमी झाल्यामुळेच पडलेला असू शकतो.

हे सगळं अनुभवी माणसाच्या हाताखाली पाच-सात मिनिटांत होतं. जास्त वेळ खरं तर एका वेगळ्या प्रश्नावर जातो: "येण्याआधी काही दिलं का?" उत्तर ठरलेलं: "मेडिकलवाल्याने पांढरी गोळी दिली." पांढरी गोळी पॅरासिटामॉल असू शकते, डायक्लोफेनॅक असू शकते, ट्रॅमाडॉल असू शकते, झोपेचीही असू शकते. एकदा एक पोरगा शर्टाचे खिसे चाचपत होता, आणि त्याच्या मामाने तोवर मुठीत चुरगाळून ठेवलेला चंदेरी कागदाचा तुकडा पुढे केला. कात्रीने कापलेला, एकाच गोळीचा. त्यावर नावाची शेवटची तीन अक्षरं आणि '५० मि.ग्रॅ.' एवढंच उरलं होतं. तेवढ्यावरून आम्ही ती डायक्लोफेनॅक असणार असं धरलं आणि पुढचं औषध त्याप्रमाणे बदललं. पाकीट फेकू नका, एवढंच सांगणं आहे. दुकानातून सुटी गोळी घेतलीत तर नाव लिहूनच घ्या.

पॅरासिटामॉलने डोकेदुखी दाबली गेली आणि आतला रक्तस्राव कळलाच नाही तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्यापायी माणसं तासन्‌तास कण्हत बसतात.

डोक्यात रक्त साठत असेल तर त्याची खबर फक्त वेदनेतून मिळत नाही. शुद्ध मंदावते, उलट्या होतात, बाहुली बदलते, एका बाजूचा हात लुळा पडतो. यातली एकही गोष्ट पॅरासिटामॉल लपवू शकत नाही. ते गुंगी आणत नाही, बाहुलीवर परिणाम करत नाही, नेहमीच्या डोसमध्ये रक्त गोठण्याच्या आड येत नाही. म्हणूनच डोक्याच्या मारात पहिलं वेदनाशामक तेच. शिवाय असह्य दुखणाऱ्या माणसाचा रक्तदाब चढतो, तो तळमळतो, स्कॅनच्या टेबलावर स्थिर पडत नाही, विचारलेल्या प्रश्नांना धड उत्तरं देत नाही. वेदना थोडी उतरली की तपासणीच चांगली होते. पॅरासिटामॉल घेऊनही डोकेदुखी चढत गेली, तर त्या चढण्याला आणखी वजन येतं.

पॅरासिटामॉल किती आणि कसं?

धडधाकट मोठ्या माणसाला एका वेळी ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत कुठल्याही परिस्थितीत ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन पन्नास किलोच्या आत असेल, वय झालेलं असेल, यकृताचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर ही मर्यादा खाली येते. ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही वेगवेगळी औषधं नाहीत, तिन्हीत पॅरासिटामॉलच आहे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही असतं. सकाळी सर्दीची गोळी आणि दुपारपासून डोलो अशी बेरीज नकळत होते. कॅज्युअल्टीत उलट्या होत असतील तर तेच औषध शिरेतून देतात: १ ग्रॅमची शंभर मिलिलिटरची बाटली, साधारण पंधरा मिनिटांत.

लहान मुलांचा डोस वयावरून नसतो, वजनावरून असतो: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. इथे एक घोळ वारंवार होतो. आपल्याकडे पॅरासिटामॉलचं सिरप कमी-जास्त ताकदीत मिळतं. पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमवालं आणि पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमवालं, दोन्ही बाटल्या एकाच फळीवर असतात. बारा किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम द्यायचं तर पहिल्या बाटलीतून साडेसात मिलिलिटर लागतं आणि दुसरीतून साडेतीनला थोडं वर. "एक चमचा" म्हणून दिलं की कधी दोन-तृतीयांशच डोस जातो, कधी जवळजवळ दीडपट. थेंबांची बाटली तर त्याहून तीव्र असते. बाटलीवरचा आकडा वाचा आणि झाकणासोबत येणारं मापच वापरा.

घरात कॉम्बिफ्लाम, डिस्प्रिन आहे. ती दिली तर?

पहिल्या दिवशी नको. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन असतं, डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. या जातीची औषधं रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांचं (प्लेटलेट्सचं) काम कमी करतात. ॲस्पिरिन तर बिंबिकेला जन्मभरासाठी निकामी करतं, आणि तिचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं असतं. डोक्यात छोटासा रक्तस्राव असलाच तर तो वाढायला हे निमित्त नको. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन याच घरातलं. गल्लीतल्या दवाखान्यात कमरेत ते सर्रास टोचतात, आणि पेशंट "आता बरं वाटतंय" म्हणून घरी जातो. पाठदुखीला ठीक, ताज्या डोक्याच्या माराला नाही. स्कॅन स्वच्छ आला किंवा धोका नाही असं डॉक्टरांनी तपासून ठरवलं, की एक-दोन दिवसांनी आयब्युप्रोफेन देता येतं.

निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे, ॲस्पिरिनही मुलांना देत नाहीत. मोठ्यांच्या डब्यातली गोळी अर्धी करून मुलाला द्यायची सवय मोडा.

इतकं दुखतंय, मग मॉर्फिनसारखं जोरदार इंजेक्शन का देत नाहीत?

अफूवर्गीय औषधं तीन गोष्टी करतात: गुंगी आणतात, बाहुल्या बारीक करतात, श्वास मंदावतात. पहिल्या दोन गोष्टींनी आमचे डोळेच बांधले जातात. पेशंट औषधाने झोपलाय की रक्तस्रावाने, हे कळत नाही. श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि आधीच सुजलेल्या डोक्यातला दाब वाढतो. ट्रॅमाडॉलला लोक 'सौम्य' समजतात, पण त्याने फिट येण्याची शक्यता वाढते, आणि डोक्याला मार लागलेल्या माणसात ती आधीच वाढलेली असते.

तरी कधीच देत नाहीत असं नाही. मांडीचं हाड मोडलंय, बरगड्या गेल्यात, सोबत डोक्यालाही मार आहे, अशा माणसाला नुसत्या पॅरासिटामॉलवर ठेवणं क्रूरपणाचं होईल. तिथे फेंटानिलसारखं थोडा वेळ टिकणारं औषध थोडं थोडं देतात, मॉनिटर लावून, ऑक्सिजनवर डोळा ठेवून. आणि मोडलेलं हाड फळीला बांधून स्थिर केलं की त्याची निम्मी वेदना तिथेच उतरते. टाळूला खोक पडली असेल तर टाके घालण्याआधी कडेने लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध टोचतात. कित्येकदा 'डोकं दुखतंय' म्हणणारा माणूस त्यानंतर शांत होतो, कारण दुखत होती ती जखम.

डोकेदुखीसाठी उलटीचं इंजेक्शन दिलं. चुकून दिलं का?

नाही. मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही मळमळीची औषधं डोकेदुखीवरही काम करतात. मायग्रेनमध्ये ती बरीच वर्षं वापरात आहेत. माराच्या डोकेदुखीवर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या डॉक्टरांनी २०२१ साली एक चाचणी प्रसिद्ध केली: १६० पेशंट, निम्म्यांना मेटोक्लोप्रमाइड आणि सोबत डायफेनहायड्रामिन (ॲलर्जीवरचं औषध), निम्म्यांना नुसतं खोटं औषध, म्हणजे तुलनेसाठी दिलेलं, आत औषध नसलेलं इंजेक्शन. तासाभरानंतर शून्य ते दहाच्या मापावर पहिल्या गटाची वेदना ५.२ अंकांनी उतरली, दुसऱ्याची ३.८ ने. फरक जादूचा नाही, पण खरा आहे. खोट्या औषधावरही वेदना इतकी उतरली, हेही मला महत्त्वाचं वाटतं: पलंग, काळोख, कुणीतरी जवळ येऊन विचारपूस करणं, यानेही बरं वाटतं.

हे इंजेक्शन भसकन दिलं तर माणूस बेचैन होतो, पलंगावरून उठून पळावंसं वाटतं. तरुण मुलामुलींची कधीकधी मान वाकडी होते, जबडा आवळतो. घाबरू नका, पण लगेच सिस्टरला सांगा, त्यावर उतारा आहे. आणि हे देण्याआधी किती उलट्या झाल्या ते नोंदवून ठेवायचं असतं, कारण उलट्यांच्या आकड्यावर पुढचा निर्णय असतो.

सूज उतरायला स्टेरॉइड किंवा मॅनिटॉल लावा ना?

स्टेरॉइड नाही. मेंदूच्या गाठीभोवतीची सूज त्याने उतरते, म्हणून माराच्या सुजेवरही एके काळी द्यायचे. मग 'क्रॅश' नावाची मोठी चाचणी झाली, दहा हजारांवर पेशंटांची, आणि २००४ साली तिचा निकाल आला: स्टेरॉइड मिळालेल्यांत दोन आठवड्यांच्या आत २१.१ टक्के मृत्यू, न मिळालेल्यांत १७.९ टक्के. तेव्हापासून ते बंद झालं. मॅनिटॉल डोक्यातला दाब धोकादायक वाढला की देतात, डोकेदुखीवर नाही.

डोकं दुखतंय म्हणून सीटी स्कॅन करायलाच हवा का?

यावर जाणत्यांचंही एकमत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या न्यू ऑर्लिन्सच्या नियमात, शुद्ध हरपून गेलेल्या पेशंटला नुसती डोकेदुखी असली तरी स्कॅन करा असं आहे. पुढच्याच वर्षी कॅनडाचा नियम आला. त्यात डोकेदुखीचं नावच नाही. दोन तासांनंतरही ग्लासगो स्केलचे गुण १५ झाले नसतील, कवटी मोडल्याची खूण असेल, दोन किंवा जास्त उलट्या असतील, वय ६५ किंवा वर असेल, माराआधीची अर्धा तास किंवा अधिक आठवण पुसली गेली असेल, वाहनाने पादचाऱ्याला उडवलं असेल किंवा तीन फुटांवरून पडणं असेल, तर स्कॅन. पण हा नियम सोळा वर्षांखालच्यांना, फिट आलेल्यांना आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना लावायचा नाही.

माझं मत दुसऱ्या नियमाकडे झुकतं, पण एक भर घालून: डोकेदुखी वाढत चालली असेल तर मी स्कॅन सांगते. कोकणात आंब्या-नारळाच्या झाडावरून पडलेले, गोपाळकाल्याच्या दिवशी थरावरून आलेले गोविंदा, यांच्यात तीन फुटांचा हिशेब करायची वेळच येत नाही. उलट, नीट असलेल्या तरुणाला नातेवाइकांच्या आग्रहापोटी स्कॅनला पाठवू नये. डोक्याच्या एका स्कॅनचा किरणोत्सर्ग साधारण २ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून वर्षभरात मिळतो जवळपास तेवढा. गरज असेल तर तो अजिबात जास्त नाही, गरोदर बाईलाही नाही. गरज नसेल तर उगाच कशाला?

आजी न्हाणीघरात घसरल्या होत्या, त्याला तीन आठवडे झाले. डोकं आता दुखायला लागलंय. याचा त्याच्याशी संबंध असेल?

असू शकतो, आणि हा प्रश्न कुणी विचारला की मी खुर्चीवरून उठते. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. हलक्या धक्क्यानेही त्यातली एखादी झिरपू लागते आणि पडद्याखाली रक्त आठवड्या-आठवड्याने साठत जातं. सत्तरीच्या एक आजी अशाच आल्या होत्या. टेंगूळ कधीच बसलं होतं. सून म्हणाली, "आठ दिवस झाले, भाकरी थापताना एकच बाजू जाड राहते. आणि डोकं धरून बसतात." आजींचा डावा हात हलका पडला होता, हे सुनेला भाकरीवरून आधी कळलं होतं. हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चालू होतं. डोकेदुखीवर घरात असलेली वेदनाशामक गोळी दिवसातून दोनदा. स्कॅनमध्ये उजवीकडे रक्ताचा जाड थर दिसला. कवटीला छिद्रं पाडून ते काढलं आणि आजी घरी गेल्या.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन, ॲसिट्रोम आणि त्या पुढची नवी, अशी रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ज्या कारणासाठी ती चालू आहे तेही जिवाशी खेळणारं असतं.

मूल लहान आहे, डोकं दुखतं हे त्याला सांगता येत नाही. कसं ओळखायचं?

न थांबणारं किंवा चिरकं रडणं, दूध न घेणं, नेहमीसारखं न खेळणं, उगाच पेंगणं, फुगलेली टाळू. "हे माझं मूल नेहमीसारखं वागत नाहीये" असं आईला वाटत असेल तर ते लक्षण म्हणूनच लिहितात. अमेरिकेतल्या २५ तातडीच्या विभागांतल्या बेचाळीस हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासातून २००९ साली जो नियम तयार झाला, त्यात दोन वर्षांखालच्या मुलांसाठी हा मुद्दाच आहे. त्याच नियमात दोन वर्षांवरच्या मुलांसाठी तीव्र डोकेदुखी आहे. तान्ह्या मुलाच्या कपाळावरच्या टेंगळापेक्षा बाजूला किंवा मागे आलेली सूज जास्त काळजीची. बहुतेक मुलांना स्कॅन लागत नाही. चार-सहा तास डोळ्यांसमोर ठेवलं की पुरतं.

पेशंट प्यायलेला आहे. उतरल्यावर नेलं तर चालेल?

नाही. दारूचा वास येतोय म्हणून गुंगी दारूचीच आहे असं धरणं ही या विषयातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. झोपवून ठेवू नका, घेऊन या.

मार लागल्यावर झोपू द्यायचं नाही, हे खरं का?

झोपेने रक्तस्राव होत नाही. या समजुतीमागचं कारण मात्र खरं आहे. कानशिलामागच्या हाडाखालून एक धमनी जाते. ती फाटली तर माणूस आधी बेशुद्ध पडतो, मग शुद्धीवर येऊन चांगला बोलतो, आणि काही तासांनी पुन्हा गुंगीत जातो. मधला चांगला वेळ फसवा असतो. इंग्लंडच्या अभिनेत्री नताशा रिचर्डसन २००९ साली कॅनडात बर्फावर घसरून पडल्या, आधी उपचार नको म्हणाल्या, नंतर डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांनी गेल्या, ते अशाच रक्तस्रावाने.

म्हणून तपासणी होईपर्यंत जागं ठेवा. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं की झोपू द्या, झोप लागतेच. पहिली रात्र सोबत कुणीतरी असावं. उठवायला सांगितलं असेल तर पूर्ण उठवा: नाव, आपण कुठे आहोत, हात वर कर. नुसतं "हं" म्हणून कूस बदलली तर ते उत्तर नव्हे.

बाम, तेल, हळद, बर्फ?

बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, चांगलं. कपाळाला बाम लावला तर बिघडत नाही, पण जखमेजवळ नको. तेल चोळून मालिश नको, मान किंवा हाड मोडलं असेल तर ती घातक. हळद, कॉफी, चहाची पत्ती जखमेत भरू नका. टाक्यांआधी ती कणाकणाने धुऊन काढावी लागते आणि पेशंटला तेच सगळ्यात जास्त दुखतं. स्वच्छ फडक्याने दाबून धरा. फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, कुशीवर वळवा. गुंगीतल्या माणसाला पाणीही पाजू नका.

पोलिसांची नोंद झाल्याशिवाय औषध देत नाहीत, असं ऐकलंय.

अपघाताची एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची) नोंद होते, पण उपचार तिच्यासाठी थांबत नाहीत. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं आहे. रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसाला तुम्ही आणलंत, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने तुम्हाला संरक्षण आहे. नाव सांगायची सक्तीही नाही. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी २०२५ पासून पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची केंद्राची योजना आहे, तिची चौकशी कॅज्युअल्टीतच करा.

स्कॅन नॉर्मल आला, पण दहा दिवस झाले तरी डोकं दुखतंय. काहीतरी राहून गेलंय का?

बहुतेक वेळा नाही. माराची डोकेदुखी सात दिवसांच्या आत सुरू होते आणि तीन महिन्यांत थांबते, असा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा हिशेब आहे. तीन महिन्यांवर गेली तर तिला चिवट म्हणतात आणि मग न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं. स्कॅनमध्ये रक्त आणि मोडलेलं हाड दिसतं. हादरलेल्या मेंदूचं दुखणं दिसत नाही. दिसलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. "स्कॅन नॉर्मल आहे, नाटकं करतोय" असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.

विश्रांती एक-दोन दिवस, तीही अंथरुणाला खिळून नव्हे. त्या दोन दिवसांत मोबाइल-टीव्ही कमी. मग घरातलं चालणं-फिरणं, थोडं काम, वाढवत वाढवत पूर्ववत. काळोख्या खोलीत पंधरा दिवस पडून राहिलं तर डोकं लवकर बरं होत नाही, उलट लांबतं. खेळाडूने डॉक्टरांनी मोकळं केल्याशिवाय मैदानात उतरू नये. आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये.

आणि गोळ्या मोजा. साधी वेदनाशामक महिन्यातून पंधरा दिवस, किंवा मिश्र गोळ्या, ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या महिन्यातून दहा दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त चालल्या की गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. मूळ मार बरा होऊनही डोकं रोज ठणकतं.

पुन्हा कॅज्युअल्टीत यावं लागलं तर सोबत काय आणू?

पहिल्या वेळचं केसपेपर, स्कॅनची फिल्म आणि रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी. एका कागदावर गोळी कधी घेतली, उलटी कधी झाली, दुखणं कधी वाढलं, हे घड्याळाच्या वेळेसकट. पेशंटसोबत रात्री जो जागा होता तो माणूस. आणि गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी.